मध्यरात्री गावातले दिवे बंद : पॅरिश कौन्सिलने पैसे भरून ते चालू ठेवावेत का?

रात्रपाळी :

लंडनपासून रेल्वेने तासाभरावरच्या एका मोठ्या खेड्यात आम्ही सहा वर्षं राहतोय. मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. आठवड्यातले तीन दिवस दुपारपाळी असते, त्या दिवशी परतायला शेवटची गाडीच मिळते. ती आमच्या स्टेशनात १२ वाजून १० मिनिटांनी येते. खर्च वाचवायचा म्हणून काउंटी कौन्सिलने, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या कौन्सिलने, वर्षभरापूर्वी रस्त्यावरचे दिवे रात्री १२ ते पहाटे ५ बंद ठेवायला सुरुवात केली. मी गाडीतून उतरते तेव्हा गावात नुकताच काळोख झालेला असतो. तिथून घर सतरा मिनिटांवर, निम्म्या वाटेला एका बाजूला उंच झुडपांचं कुंपण आणि दुसऱ्या बाजूला शेत.

नोव्हेंबरमध्ये फुटपाथवरच्या उचकटलेल्या फरशीला अडखळून पडले, मनगट तीन आठवडे बांधून होतं. पण पडण्यापेक्षा त्याआधीची एक रात्र जास्त लक्षात आहे. मागे पावलं वाजत होती. मी थांबले की थांबायची. तो कोणी साधा पादचारी असेल, माझ्यासारखाच घाबरलेलाही असेल. काय होतं ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

पॅरिश कौन्सिलने, म्हणजे गावाने निवडलेल्या कौन्सिलने, ठराविक रक्कम भरली तर आपल्या हद्दीतले दिवे रात्रभर चालू ठेवायला आमची काउंटी तयार आहे. पुढच्या मंगळवारी पॅरिशच्या अंदाजपत्रकाची सभा आहे. काउन्सिल टॅक्समधला (इथल्या घरपट्टीतला) पॅरिशचा वाटा, म्हणजे प्रिसेप्ट, थोडा वाढवावा लागेल. माझ्या मते वाढवावा. गावात मराठी घरं अकरा आहेत आणि आमच्यापैकी एकही जण आजवर या सभेला गेलेला नाही. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने लिहा. विरोधातले मुद्दे मला सभेआधी इथेच ऐकायचे आहेत.

घाटावरचा :

ताई, तुम्हाला लागलं याचं वाईट वाटलं. तरीही मी विरोधात आहे.

पहिलं कारण, पुरावा. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन यांच्या संशोधकांनी इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ कौन्सिलांची आकडेवारी तपासली. त्यांचा अभ्यास २०१५ मध्ये आला. दिवे बंद केल्याने, काही तास बंद ठेवल्याने किंवा मंद केल्याने अपघात वा गुन्हे वाढल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. पुढे २०२२ मध्ये थेम्स व्हॅली पोलिसांच्या हद्दीतला एक अभ्यास आला. मध्यरात्रीनंतर अंधार केलेल्या रस्त्यांवर गाड्यांमधून होणाऱ्या चोऱ्या उलट कमी झालेल्या दिसल्या. चोरालाही गाडीत काय ठेवलंय ते दिसावं लागतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रस्ते आणि दिवे यांच्यासाठी आपण काउंटीला आधीच कर देतो. तेच काम पॅरिशने पैसे देऊन करून घ्यायचं म्हणजे एका कामाचे दोनदा पैसे. आज दिवे, उद्या कडेचं गवत कापणं, परवा वाचनालय. काउंटीने किंवा तिच्या खालच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलने कर ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढवला तर जनमत घ्यावं लागतं. पॅरिशवर आजवर तशी मर्यादा घातलेली नाही. म्हणून वरच्यांचा भार हळूहळू खाली सरकतो, आणि तो पडतो गावातल्या पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर.

मीठभाकर :

मी गेली पाच वर्षं एका पॅरिश कौन्सिलवर आहे, तर आधी थोडी माहिती.

नावात पॅरिश असलं तरी चर्चचा याच्याशी संबंध नाही. १८९४ च्या कायद्याने गावकारभार चर्चच्या समितीकडून काढून निवडलेल्या लोकांकडे दिला. आज इंग्लंडमध्ये अशा सुमारे दहा हजार पॅरिश आणि टाऊन कौन्सिल आहेत. रस्त्यावर दिवे लावण्याचा अधिकार त्यांना १९५७ च्या पॅरिश कौन्सिल कायद्याने आहे आणि गुन्हे रोखण्यासाठी खर्च करण्याचा १९९७ च्या कायद्याने. १९९८ च्या क्राइम अँड डिसऑर्डर कायद्याचं कलम १७ तर सांगतं की कोणताही निर्णय घेताना त्याचा गुन्हेगारीवर काय परिणाम होईल याचा विचार करणं हे कौन्सिलचं कर्तव्य आहे. "हे आमचं काम नाही, पोलिसांचं आहे" हे उत्तर सभेत मिळालं, तर शांतपणे या कलमाचं नाव घ्या.

घाटावरचा यांचा दुहेरी कराचा मुद्दा खरा आहे. आमच्याकडे त्यावर दोन सभा गेल्या. मात्र काउंटीने नाही म्हटल्यावर गावाने अंधारात बसायचं का, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

तिसरी_गल्ली :

मला दिव्यांचा आग्रह समजतो, पण पैसा तिथे घालवू नये असं वाटतं. आमच्या घरी दिवाळीच्या आधल्या आठवड्यात चोरी झाली. वेळ संध्याकाळची, साडेसहा. रस्त्यावरचे सगळे दिवे लखलखीत. मागच्या बागेतून आले, वरच्या खोलीतलं कपाट फोडलं आणि आईच्या पाटल्या आणि मोहनमाळ घेऊन गेले. आजीची मोहनमाळ. विम्याचे पैसे मिळाले, पण ते घेताना आई रडली.

भारतीय घरांत सोनं असतं हे इथल्या चोरांना ठाऊक आहे. दिवाळी आणि लग्नसराईच्या दिवसांत अनेक भागांतले पोलीस तसा इशाराही देतात. म्हणून गावाच्या दोन्ही तोंडांना कॅमेरे लावा, नेबरहूड वॉच, म्हणजे शेजाऱ्यांनी मिळून वस्तीवर लक्ष ठेवणं, नीट चालवा. ही चळवळ या देशात १९८२ मध्ये चेशायरमधल्या मॉलिंग्टन या खेड्यातच सुरू झाली, तेव्हा खेड्यांना जमणार नाही असं काही नाही. आणि सगळ्यांना विनंती, दागिन्यांचे स्पष्ट फोटो काढून ठेवा. आमच्याकडे नव्हते. पोलिसांना वर्णन सांगताना लग्नाचे अल्बम उघडून बसावं लागलं.

रात्रपाळी :

@तिसरी_गल्ली, वाचून पोटात कालवलं. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. पण कॅमेरा नंतर सांगतो कोण होतं. मला त्या क्षणी समोरचा दिसायला हवा.

@घाटावरचा, तुम्ही दिलेले दोन्ही अभ्यास मी वाचले. ते खोटे आहेत असं मी म्हणणार नाही. पण २०२२ च्या अभ्यासात पुढे असंही आहे की त्या चोऱ्या शेजारच्या उजेडाच्या रस्त्यांवर सरकल्या असाव्यात. शिवाय दोन्हींत नोंदवलेले गुन्हे मोजलेत. जी बाई अंधारामुळे दुपारपाळीच सोडते, तिच्या बाबतीत गुन्हा घडतच नाही. ती आकड्यात येणार कुठून? आमच्या विभागातल्या एका मैत्रिणीने याच कारणाने पाळी बदलून घेतली आणि रात्रीच्या भत्त्यावर पाणी सोडलं.

दुसरा पुरावाही आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींमध्ये जास्तीचे दिवे उभे करून प्रयोग झाला होता. तिथे रात्री घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. ते शहर आणि आमचं खेडं एक नाही, हे मान्य. पण मग सरासरी काढलेल्या ६२ कौन्सिलाही आमचं गाव नाहीत.

आणि मला रोज मिळणारा सल्ला : बॅटरी लाव. बॅटरी लावली की मी सगळ्यांना दिसते. मला दिसतो तो पायापुढचा हातभर गोल, त्याच्या बाहेरचा काळोख आणखी दाट होतो. एकदा चालून बघा.

उंबरठा :

मी स्वतः बाई आहे, पंधरा वर्षं नर्सिंग केलंय, आणि तरी मला ही मागणी अपुरी वाटते. मार्च २०२१ मध्ये लंडनला सारा एव्हरार्ड या तरुणीचं अपहरण झालं तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. रस्ता वर्दळीचा होता, दिवे होते. नेणारा माणूस पोलीस खात्यातला होता. त्यानंतर जिकडेतिकडे दिवे आणि कॅमेऱ्यांची चर्चा झाली. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं की खांब उभा करून आपण स्वतःची समजूत घालतोय.

ताई, तुम्हाला मध्यरात्री सतरा मिनिटं चालावं लागतं, याला आधी तुमचं इस्पितळ जबाबदार आहे. उशिरा सुटणाऱ्यांना टॅक्सी मिळावी ही मागणी युनियनमार्फत लावून धरा. पॅरिशच्या पैशातून इस्पितळाची जबाबदारी का भागवायची?

रात्रपाळी :

@उंबरठा, टॅक्सीची मागणी केली आहे, अजून उत्तर नाही. पण त्या गाडीतून मी एकटी उतरत नाही. हॉटेलात भांडी घासणारा पोलिश मुलगा असतो, केअर होममधून येणाऱ्या दोघी असतात, कधी शेवटचा खेळ पाहून आलेली शाळकरी पोरं. प्रत्येकाच्या मालकाकडे कोण जाणार? रस्ता मात्र सगळ्यांचा एकच आहे.

पारावरचा :

मी सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक होतो, निवृत्त झालो. मुलगी रीडिंगला असते म्हणून हे वाचतोय. आपल्याकडे घरपट्टीच्या पावतीवर दिवाबत्ती कराचा वेगळा रकाना असतो. रक्कम किरकोळ, पण त्या रकान्याच्या जोरावर गावातली म्हातारीसुद्धा ग्रामपंचायतीत येऊन विचारायची, "माज्या दारातला दिवा का बंद?" मला वाटतं घाटावरचा यांनी तेवढा विचार करावा. कर दोनदा जातोय हे खरं, पण ज्याला पैसे देतो त्याचं दार चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर जाब विचारता येतो. काउंटीचं दार किती लांब?

दुसरं असं की महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते. अनेक गावांत ती कागदावर उरकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याची खंत आहे. पण जिथे खरी भरली, तिथे पहिले विषय पाणी, संडासाची वाट आणि दिवे हेच निघाले. सभेआधी रात्री ये-जा करणाऱ्या बायकांना एकत्र बसवा बाळ, मग त्या इंग्रज असोत नाहीतर पोलिश.

घाटावरचा :

काकांचा मुद्दा पटला, पण पूर्ण नाही. दार जवळ असेल तर काउंटीला आणखी सोपं जातं, "तिकडे विचारा" म्हणायला.

बॅटरीबद्दल लिहिलंत म्हणून काल रात्री साडेबाराला घराबाहेर पडून पाहिलं. आमच्याकडेही दिवे बंद असतात. तुमचं म्हणणं बरोबर आहे, गोलाच्या बाहेर काही दिसत नाही. पण बॅटरी विझवून पाच मिनिटं थांबलो तेव्हा झाडीच्या कडा दिसू लागल्या आणि वर आकाशगंगा. माझ्या मुलीने ती या गावात पहिल्यांदा पाहिली. अख्खं गाव रात्रभर उजळणं मला अजूनही चूक वाटतं. वटवाघळं, काटेरी हेजहॉग यांचाही प्रश्न आहेच.

तुमच्या काउंटीने एलईडी बसवले असतील आणि ते दूरनियंत्रित असतील, तर एकेक दिवा वेगळा मंद करता येतो. स्टेशन ते घरांच्या वस्तीपर्यंतचा रस्ता, तेवढेच दिवे, निम्म्या उजेडावर, शेवटची गाडी येऊन अर्धा तास होईपर्यंत. एवढं मागितलंत तर मी तुमच्या विरोधात बोलणार नाही. मात्र पैसे काउंटीने द्यावेत हा ठराव आधी मांडा.

तिसरी_गल्ली :

आणि कॅमेरे?

मीठभाकर :

कॅमेऱ्यांसाठी माहिती-संरक्षणाचे नियम पाळावे लागतात, पाट्या, चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, हे सगळं लिहून काढावं लागतं. मंगळवारी ते होणार नाही. वेगळा विषय म्हणून द्या, मी मसुद्याला मदत करेन.

ताई, आता घाई करा. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर कौन्सिलला निर्णयच घेता येत नाही. सभेच्या आधी पूर्ण तीन दिवस सूचना लागावी लागते, आणि त्यात नोटिशीचा दिवस, सभेचा दिवस आणि रविवार धरत नाहीत. सभा मंगळवारी म्हणजे नोटीस गुरुवारी लागणार. आज सोमवार आहे. क्लार्कला, म्हणजे कौन्सिलचं कामकाज पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, आजच ईमेल करा आणि एखाद्या सदस्यालाही कळवा. सभेत लोकांसाठी राखलेल्या वेळेत बहुधा प्रत्येकी तीन मिनिटं मिळतात. लिहून न्या, घड्याळ लावून वाचून बघा.

अकरा घरांबद्दल : भारतीय पासपोर्ट असला तरी वैध व्हिसावर इथे राहणाऱ्याला मतदार यादीत नाव घालता येतं, कारण आपण कॉमनवेल्थचे नागरिक. कायम वास्तव्याचा परवाना असेल आणि तुम्ही त्या पॅरिशचे मतदार असाल तर निवडणुकीलाही उभं राहता येतं. वर्षभर पॅरिशमध्ये किंवा हद्दीपासून ४.८ किलोमीटरच्या आत राहिलेल्यालाही चालतं. बऱ्याच गावांत जागा रिकाम्या पडून असतात. मीही तशाच एका रिकाम्या जागेवर आलो.

रात्रपाळी :

क्लार्कला आत्ताच पाठवलं. दोन ओळींत विषय : "स्टेशन रस्त्यावरचे दिवे शेवटच्या गाडीनंतर अर्धा तास मंद उजेडावर चालू ठेवणे. खर्च काउंटीने करावा अशी मागणी, आणि ती नाकारल्यास प्रिसेप्टमधून तरतूद." घाटावरचा, क्रम तुमचा घेतलाय. दुसरं वाक्य मी काढणार नाही.

बुधवारी पाळी आहे. त्या रात्री गाडीतून उतरणाऱ्या सगळ्यांना फलाटावरच थांबवून सभेची वेळ सांगणार आहे. पारावरचा काका, पोलिश मुलाचं नाव मला अजून माहीत नाही, ते आधी विचारते.