एचओएच्या विम्यात चोरी कितपत कव्हर होते?

खिडकीतला_दिवा:
अमेरिकेतली काँडो असोसिएशन (एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना). क्लबहाऊसमधला टीव्ही आणि बाहेरच्या एसी युनिटची तांब्याची कॉइल चोरीला गेली. त्याच रात्री दोन युनिट्सची (फ्लॅट्सची) दारं फोडून आतलं सामान नेलं. बोर्ड म्हणतं, "मास्टर पॉलिसी आहे ना!" यातलं नक्की काय काय असोसिएशनच्या त्या पॉलिसीत बसतं? शिवाय बजेटमध्ये 'फिडेलिटी' नावाचा वेगळा प्रीमियम दिसतो, तो कशाचा?

कुलूपकिल्ली:
आधी वस्तू कोणाची ते बघा. टीव्ही आणि कॉइल असोसिएशनच्या, म्हणून मास्टर पॉलिसीकडे. पण डिक्लरेशन पेजवर (पॉलिसीचा गोषवारा) 'कॉजेस ऑफ लॉस' म्हणजे नुकसानीची कव्हर असलेली कारणं, यासमोर काय लिहिलंय? स्टँडर्ड बेसिक किंवा ब्रॉड फॉर्ममध्ये चोरी येतच नाही, स्पेशल लागतो. बोर्ड प्रीमियम वाचवायला ब्रॉड घेतं आणि हे चोरी झाल्यावर कळतं. इमारत सलग ६० दिवसांहून जास्त रिकामी असेल, तर स्पेशलमध्येही चोरीचे पैसे मिळत नाहीत.

युनिटमधलं सामान एचओ-६ मध्ये, म्हणजे युनिटमालकाच्या स्वतःच्या पॉलिसीत. दागिन्यांच्या चोरीला बऱ्याच स्टँडर्ड फॉर्ममध्ये एकूण १,५०० डॉलरची मर्यादा, रोख रकमेला २००. पाटल्या-मंगळसूत्र त्यात कुठून बसणार? अप्रेझल (किंमत ठरवून) करून वेगळे शेड्यूल करावे, म्हणजे पॉलिसीत नावानिशी नोंदवावे लागतात. 'रिप्लेसमेंट कॉस्ट' घेतलं नसेल तर बाकी सामानाचे पैसेही घसारा कापून मिळतात. पार्किंगमधून गाडी गेली तर ऑटो पॉलिसीचं काँप्रिहेन्सिव्ह. गाडीतला लॅपटॉप मात्र एचओ-६ मध्ये.

फोडलेलं दार कोणाचं, हे तुमच्या सीसी अँड आरमध्ये (असोसिएशनच्या नियमावलीत) बघा. ते नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे.

जमाखर्च:
फिडेलिटी म्हणजे आतल्या माणसाने पैसे खाल्ले तर. खजिनदार, बोर्ड मेंबर, मॅनेजमेंट कंपनी. माझ्या मते असोसिएशनला टीव्ही-चोरापेक्षा हा धोका मोठा, कारण रिझर्व्ह फंड (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेला पैसा) एकाच खात्यात पडून असतो. डी अँड ओ (बोर्ड मेंबरांवरच्या दाव्यांसाठीची) पॉलिसी यात कामाला येत नाही; खाल्लेले पैसे ती भरून देत नाही.

तीन गोष्टी तपासा. 'एम्प्लॉयी'च्या व्याख्येत बिनपगारी बोर्ड मेंबर आणि मॅनेजमेंट कंपनी आहेत का? नसतील तर एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडायची सुधारणा) घ्या. रक्कम पुरेशी आहे का? कॅलिफोर्नियात सिव्हिल कोड ५८०६ नुसार किमान रिझर्व्ह अधिक तीन महिन्यांच्या असेसमेंट्स (मालकांकडून घेतली जाणारी वर्गणी) एवढं कव्हर लागतं, आणि त्यात काँप्युटर फ्रॉड व फंड्स ट्रान्सफर फ्रॉड हवेतच. तिसरी, सगळ्यात निसटणारी: खोट्या ईमेलला फसून खजिनदाराने स्वतःच वायर केली, तर कंपनी म्हणते "पैसे तुम्हीच पाठवलेत." त्यासाठी 'सोशल इंजिनिअरिंग' वेगळं घ्यावं लागतं आणि त्याची मर्यादा बहुधा मुख्य रकमेहून बरीच कमी असते.

खिडकीतला_दिवा:
पेज बघितलं. ब्रॉड. आणि डिडक्टिबल (आधी आपण सोसायची रक्कम) १०,००० डॉलर.

कुलूपकिल्ली:
मग टीव्ही विसरा. चोर आत शिरताना किंवा बाहेर पडताना क्लबहाऊसच्या दार-खिडक्यांची झालेली मोडतोड ब्रॉडमध्येही व्हँडॅलिझमखाली (मुद्दाम केलेली नासधूस) येते, ती मागता येईल. कॉइल उपटताना एसी युनिटचं झालेलं नुकसान चोरी की व्हँडॅलिझम, यावर कंपन्या भांडतात. दुरुस्तीचं कोटेशन कॉइल आणि मोडतोड असं वेगवेगळं मागवा. पण सगळं मिळून दहा हजारांच्या आत असेल तर क्लेम करू नका. हाती एक पैसा येणार नाही, क्लेमची नोंद तेवढी राहील.

बोर्डाने हा खर्च मालकांवर असेसमेंट म्हणून टाकला, तर एचओ-६ मधलं 'लॉस असेसमेंट' बघा. ते साधारण १,००० डॉलर असतं. वाढवून घेतलं तरी, असेसमेंट मास्टर पॉलिसीच्या डिडक्टिबलपायी असेल तर बऱ्याच फॉर्ममध्ये १,००० वरच अडतं. आणि कारण तुमच्या पॉलिसीत कव्हर असलेलं लागतं.

जमाखर्च:
पोलिस रिपोर्ट असोसिएशनचा वेगळा, त्या दोन युनिट्सचे वेगळे. एकाच रिपोर्टमध्ये सगळं कोंबलं की दोन्हीकडचे क्लेम तपासणारे अ‍ॅडजस्टर एकमेकांकडे बोट दाखवतात.