पोलीस ठाण्यात ‘हद्द आमची नाही’ म्हणाले तर?

रानजाई: बलात्काराची फिर्याद द्यायला गेलेल्या बाईला ‘घटना दुसऱ्या हद्दीतली’ म्हणून परत पाठवलं, गावातली मंडळी ‘मिटवून घ्या, लग्न लावून देऊ’ म्हणताहेत, तर त्याच दिवशी नेमकं काय करायचं? कपडे धुतले गेले असतील तर केस गेली का?

अॅड_सुमेधा: हद्दीचं कारण चालतच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे घटना कुठलीही असो, शून्य क्रमांकाने (हद्द न पाहता) एफआयआर घ्यावाच लागतो. पुढे तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा. प्रत फुकट मिळते, ती हातात आल्याशिवाय उठू नका. साधा ‘तक्रार अर्ज’ घेऊन पोच देतात, तो एफआयआर नव्हे. कितीतरी प्रकरणं इथेच मुरतात. नकार मिळाला तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती जपा. तरीही हालचाल नसेल तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. त्यात भारतीय न्याय संहितेचं (गुन्हे आणि शिक्षा सांगणारा कायदा) कलम 199 जरूर लिहा: असा गुन्हा न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला किमान 6 महिने सक्तमजुरी आहे.

डॉ_वैशाली: फिर्यादीसाठी दवाखाना थांबवू नका! सरकारी असो की खासगी, उपचार मोफत आणि ताबडतोब द्यावे लागतात. एचआयव्ही प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवं, गर्भनिरोधक गोळीही जितकी लवकर तितकी बरी. तपासणी तिच्या संमतीनेच.
कपडे धुतले असले तरी द्या, केस त्यावरच उभी नसते. ओले असतील तर सावलीत वाळवून, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. जखमा नाहीत म्हणून संमती होती, असा अर्थ कायदा काढू देत नाही. ‘दोन बोटांची चाचणी’ (योनीत बोटं घालून संभोगाची सवय आहे का ते पाहणं) करणं गैरवर्तन आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावलंय. अहवालात ‘संभोगाची सवय’ असा शेरा दिसला तर लेखी हरकत घ्या.

रानजाई: आणि गावच्या बैठकीचं?

अॅड_सुमेधा: बैठकीला जाऊच नका. हा आपसात मिटणारा गुन्हा नाही, तिथे घेतलेल्या सहीचा वापर पुढे तिलाच खोटं पाडायला होतो. धमकी आली तर तारीख, वेळ, माणसं लिहून ठाण्यात द्या. वाळीत टाकलं तर महाराष्ट्रात 2016 चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट बाईंना नाही. पीडितेला आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचीही तिथेच चौकशी करा. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी तिचं नाव टाकलं तर स्क्रीनशॉट ठेवा, न्याय संहितेच्या कलम 72 खाली तो वेगळा गुन्हा होतो.