मदत हवी आहे: गिटारची पाठ घासून घासून थकलो, लहरी जात नाईत

तार_तुटली: मंडळी लवकर सांगा, डोकं उठलं माझं. चार दिवस झाले घासूनच राह्यलो. 80 नंबरचा घासपेपर मारला, मग सरळ 320, तरी तिरपं पाह्यलं की गोल गोल ओरखडे अन लहरी दिसतेतच. रविवारी बाजूच्या पट्ट्या चिकटवाच्या हायेत. आता कोणता पेपर आणू?

बारीक_भुसा: लाकूड कोणतं? हातानं की मशीननं? जाडी किती उरली?

तार_तुटली: मशीननं, ते गोल फिरणारं, वाढईकाकाचं मागून आणलं. लाकूड आजाच्या जुन्या दाराचं, सागवानच असल, दुसरं काय असते आपल्या इकडं. पयले रंधाच मारला होता पण लहरीपाशी खपल्या निघाल्या, म्हणून पेपरवर आलो. जाडीचं काय, पातळच तर करायची असते.

टेंभुर्णी: रंग कसा आहे? काळपट तपकिरी अन त्यात गर्द पट्टे असतील तर ऐन असू शकते, आमच्या दाराले तेच आहे.

रंधा_न_करवत: दोन फाळके पुस्तकासारखे उघडून जोडले असतील ना? मग एकीकडं रेशा सुलटा तर दुसरीकडं उलटा, रंधा एकाच बाजूनं ओढला की खपली निघणारच. पेपर सोड, फुटक्या काचेच्या कडेनं खरवड. माह्या बापानं अख्खा दिवाण काचेनं गुळगुळीत केला होता.

बारीक_भुसा: दिवाण इंचभर जाड असते भाऊ. इथं काचेचा कोपरा रुतला की चर पडला समजा. जुन्या हातकरवतीच्या पात्याचा चौकोनी तुकडा कापून त्याची कड वळवून घे, लहरी लाकडावर तेच चांगलं चालते.

रंधा_न_करवत: 30 वर्षं झाली, एक चर नाई पडला माह्या हातून.

भिवापुरी_मिरची: लाकडाची टीपी, म्हणजे जंगलखात्याचा वाहतूक परवाना, आहे का? नाक्यावर अडवतेत.

तार_तुटली: घरचं दार हाय बाप्पा, ओसरीत बसून घासून राह्यलो, नाका कुठून आला?

भिवापुरी_मिरची: सांगून ठेवलं. बाकी आपलं सागवान 2023 ले बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिराले गेलं, अन तुम्ही त्याचे गिटार करता.

बारीक_भुसा: विषयावर या ना राजेहो. तार_तुटली, एक कर, डोळे मिटून हात फिरव. लहर हाताले लागते का नुसती डोळ्यालेच दिसते? नुसती दिसत असल तर ती लाकडाची नक्षी आहे, रेशा वरखाली जाते म्हणून उजेड हलला की तेही हललेलं दिसते. ते जन्मात घासून जाणार नाई, अन जाऊही नये, त्याच्यासाठीच तर लोक असं लाकूड शोधतेत.

तार_तुटली: मधात हाताले पण लागते. बशीवानी.

बारीक_भुसा: मले तेच भेव होतं. मशीनच्या खाली मऊ पॅड असते, ओरखडा दिसला की आपण तिथंच दाबून धरतो. पाठ जाड काचेवर ठेव, कडा बोटानं दाबून सपाट बसव, वरून स्टीलची पट्टी आडवी धर. गाडीच्या गॅरेजवाल्याकडं टॅपेट सेट करायचा फिलर गेज असते, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा, फटीत कोणती पात जाते ते पाह्य. अन कडेची जाडी व्हर्निअरनं मोज.

टेंभुर्णी: अन तोंडाले रुमाल बांधत जा, चार दिवस भुसा खाल्ला तू.

तार_तुटली: मोजलं. कडेले 2.8 मिमी, मधात 0.70 मिमीची पात आरामात गेली. म्हणजे 2.1?? मले वाटलं अजून घासायचं हाय.

रंधा_न_करवत: गेली. नवीन फळी घे.

बारीक_भुसा: काही गेली नाई. बरेच जण पाठ अडीचच्या आसपास ठेवतेत, 2.1 वर आतल्या आडव्या पट्ट्या जरा उंच ठेवून निभते. पण मशीन आजच परत कर. लाकडी गुटक्याले 120 गुंडाळून फक्त कडेचा उंचवटा उतरव, मधात हात लावू नको. मग 150, 180, 220, एकही नंबर गाळायचा नाई, 80 चा ओरखडा 320 नं मरत नसते. शेवटचे हात रेशाच्या दिशेनं. प्रत्येक नंबरनंतर थिनरचा बोळा फिरवून बॅटरी आडवी धर, राह्यलेले ओरखडे उघडे पडतेत. सगळं झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसून वाळू दे, तंतू उभे राह्यतेत, तेवढे 220 नं हलक्या हातानं काढ.

तार_तुटली: म्हणजे रविवार गेला.

भिवापुरी_मिरची: दाराची दुसरी फळी उरली असल तर कितीले देता?