इशरच्या टेप आणि ‘जेलस गाय’

"बँडने स्वतःच बाजूला ठेवलेलं चाहत्यांनी कशाला उकरून काढायचं?" हा अप्रकाशित रेकॉर्डिंगबद्दलचा प्रश्न रास्त आहे. पण बीटल्सच्या इशर डेमोंपुढे (डेमो म्हणजे गाण्याचं कच्चं रेकॉर्डिंग), निदान माझ्यापुरता तरी, तो टिकत नाही.

मे १९६८. ऋषिकेशहून परतल्यावर बँडची मंडळी इंग्लंडमधल्या इशरला, त्यांच्यातल्याच जॉर्ज हॅरिसनच्या घरी जमली आणि बरीचशी ऋषिकेशलाच सुचलेली गाणी चार ट्रॅकच्या मशीनवर टेप करून ठेवली. अकूस्टिक गिटार, टाळ्या, मध्येच टवाळकी. त्यातली बरीच पुढे बँडच्या ‘व्हाइट अल्बम’मध्ये आली. काही डेमो १९९६च्या ‘अँथॉलॉजी ३’ या संग्रहावर मिळाले, बाकीच्यांसाठी बूटलेगच, म्हणजे अनधिकृत प्रती. २७ गाणी अधिकृतपणे एकत्र आली ती थेट २०१८मध्ये.

माझा जीव ‘चाइल्ड ऑफ नेचर’वर. बँडमधल्याच जॉन लेननचं हे गाणं ऋषिकेशच्या वाटेवरचं, उन्हातलं, प्रसन्न. अल्बममध्ये त्याला जागा मिळाली नाही, पण चाल त्याने सोडली नाही. नवे शब्द घेऊन १९७१मध्ये तीच ‘जेलस गाय’ झाली (देवनागरीत हे नाव लिहिलं की हसू येतंच). ते पश्चात्तापाचं गाणं वर्षानुवर्षं ऐकल्यावर हा डेमो लावला, तर एखाद्या खंतावलेल्या माणसाचा शाळेतला फोटो हाती लागल्यासारखं झालं.

हॅरिसनचं ‘नॉट गिल्टी’ही ऐका. स्टुडिओत शंभरेक टेक (रेकॉर्डिंगचे प्रयत्न) होऊनही तेव्हा ते राहिलंच. १९७९मध्ये त्याच्या स्वतःच्या अल्बमवर आलं. मला अजून इशरचंच जास्त आवडतं.