टर्बोआयडीत १८४० प्रोटीन आलीत, ह्याचं नेटवर्क काढायचं कसं?

रात्रपाळी_२:
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचत होते, आज अडले म्हणून लिहितेय. पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. माझं प्रोटीन ईआरच्या, म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पडद्यात रुतलेलं असतं आणि त्याची शेपटी बाहेर सायटोप्लाझमकडे लोंबते. जिवंत पेशीत ते कोणाकोणाशी जोडलेलं असतं ते शोधायचंय. तर शेपटीच्या टोकाला टर्बोआयडी (आसपासच्या प्रोटीनना बायोटिनचा शिक्का मारणारं एन्झाइम) लावला, हेक पेशींत (लॅबमधे वाढवतात त्या माणसाच्या पेशी) त्याचं प्लाझमिड, म्हणजे डीएनए घातलं, बायोटिन दिलं, शिक्का बसलेली प्रोटीन स्ट्रेप्टाव्हिडिन (बायोटिनला घट्ट धरणारं प्रोटीन) लावलेल्या बीड्सवर ओढली आणि कुठली प्रोटीन आहेत ते ओळखायला सँपल मास स्पेकला दिलं. काल यादी आली, १८४० प्रोटीन!! आधी आनंद झाला, मग एक्सेल खाली खाली सरकवताना पोटात गोळा यायला लागला, कारण कुठल्याही पेशीत ढिगाने असणारेच त्यात आहेत, रायबोझोम आहेत, ट्युब्युलिन आहे, हीट शॉकवाले झाडून सगळे आहेत, मायटोकॉन्ड्रियातलेपण आहेत. सर म्हणतात स्ट्रिंगमधे (कुठलं प्रोटीन कुठल्याशी जोडलेलं ते दाखवणारा ऑनलाइन डेटाबेस) टाक, नेटवर्कची फिगर काढ, मीटिंगला दाखवू. टाकलं तर कंगव्यात अडकतो तसला केसांचा गुंता आला नुसता. कटऑफ, म्हणजे कमी खात्रीच्या रेघा गाळायचा आकडा, किती ठेवला म्हणजे हे नीट दिसेल? कंट्रोल म्हणून काहीच न घातलेल्या पेशी आहेत, दोन्हीचे तीन तीन रेप्लिकेट.

गाळणी:
कटऑफचं मागाहून बघू. आधी तीन गोष्टी सांग. बायोटिन किती आणि किती वेळ दिलंस, बीड्स कशाने धुतल्यास, आणि यादीत बीआयपी किंवा पीडीआय (ईआरच्या आत राहणारी प्रोटीन) आहे का, असेल तर कितव्या नंबरवर.

रात्रपाळी_२:
५०० मायक्रोमोलर, रात्रभर, साधारण १६ तास. ५०० हा आकडा टर्बोच्या पेपरातून घेतला आणि रात्रभर ठेवायचं हे लॅबमधल्या बायोआयडीच्या (टर्बोची जुनी आवृत्ती) प्रोटोकॉलमधून. लायसिस (पेशी फोडणं) आणि धुणं दोन्ही ०.१ टक्के ट्रायटनच्या (सौम्य डिटर्जंट) बफरने, अगदी हलक्या हाताने, इंटरॅक्शन तुटू नयेत म्हणून. बीआयपी आहे, अकराव्या नंबरवर. का हो?

गाळणी:
मग गुंता स्ट्रिंगमधे नाहीये, त्याच्या बराच आधी झालाय.

वेळेचं आधी सांगतो. बायोआयडी म्हणजे ई. कोलायचं बिरए एन्झाइम, एक अमिनो आम्ल बदलून ढिलं केलेलं. मूळ बिरए बायोटिन आणि एटीपीपासून एक चिकट रेणू बनवतं आणि तो मुठीत धरून ठरलेल्या जागीच चिकटवतं. बदललेल्याची मूठ सैल, त्यामुळे तो रेणू सुटतो आणि आसपास ज्या प्रोटीनची लायसिन (एक अमिनो आम्ल) हाताशी येईल त्याला जाऊन बसतो. २०१२ मधे हे लॅमिन ए (केंद्रकाच्या आवरणाला आतून आधार देणारं प्रोटीन) वर दाखवलं, पण ते फार संथ होतं, म्हणून १८ ते २४ तास. टर्बोआयडी २०१८ चा, यीस्टवर उत्क्रांती घडवून वेगवान केलेला, त्याला १० मिनिटं पुरतात. तू दिलेस १६ तास, म्हणजे ९६ पट. एवढ्या वेळात पेशीत नवी प्रोटीन बनतात, जुनी मोडतात, फिरणारी दहा वेळा शेजारून जातात, आणि प्रत्येक वेळी शिक्का बसतो. रात्रभर शटर उघडं ठेवून रस्त्याचा फोटो काढल्यावर त्यात कोण कोणाबरोबर चाललं होतं ते कसं कळणार?

आता धुणं, आणि माझ्या मते तुझी खरी चूक इथे आहे. ‘इंटरॅक्शन तुटू नयेत म्हणून’ हे तू को-आयपीच्या (अँटिबॉडीने प्रोटीन जोडीदारांसकट ओढायची पद्धत) सवयीने लिहिलंयस. को-आयपीत आपण पेशी फोडतो आणि मग जे एकमेकांना धरून राहिलंय ते ओढतो, त्यामुळे तिथे जपून धुवावं लागतं. इथे शिक्का पेशी जिवंत असतानाच बसलाय आणि तो कोव्हॅलंट आहे. पेशी फोडल्यावर काहीही एकत्र राहायची गरज उरलेली नाही, उलट एकत्र राहिलेलंच नको आहे! बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिनची पकड इतकी घट्ट असते (डिसोसिएशन कॉन्स्टंट १० च्या उणे १४ व्या घाताच्या आसपास, मोलरमधे) की २ टक्के एसडीएस ह्या कडक डिटर्जंटने धुतलं तरी ती हलत नाही. तेव्हा एसडीएस असलेल्या बफरमधे पेशी फोड आणि बीड्स दणकून धू, दयामाया नको.

बीआयपी मी म्हणूनच विचारलं. ते ईआरच्या आत असतं आणि तुझा टॅग बाहेर, मधे अख्खा पडदा, आणि तो चिकट रेणू पडद्यातून सहसा पलीकडे जात नाही. मग अकराव्या नंबरवर आलं कसं? तर एवढ्याशा ट्रायटनमधे पडद्याचे तुकडे नीट विरघळले नसणार, शिक्का असलेल्या एका प्रोटीनला धरून तुकडाच्या तुकडा आतल्या मालासकट बीड्सवर आला असणार. दुसरी शक्यता अशी की प्लाझमिडमुळे प्रोटीन इतकं जास्त बनलं की काही पडद्यात उलटं बसलं. मला पहिली जास्त पटते पण दुसरी तपासून घे. हीट शॉकवाले झाडून येणं हेही जादा बनल्याचंच लक्षण वाटतं, नीट न घडलेल्या प्रोटीनभोवती ते गर्दी करतातच. डॉक्सिसायक्लिन दिलं तरच प्रोटीन बनेल अशी स्थिर सेल लाइन बनव, एक्स्प्रेशन कमी ठेव. दोन महिने जातील पण नंतरचा मनस्ताप वाचेल.

ब्लॉटबाई:
गाळणींनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त ब्लॉटपुरतं बोलते. मास स्पेकला देण्याआधी स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी लावून ब्लॉट (प्रोटीन आकाराप्रमाणे वेगळी करून मेंब्रेनवर शिक्के बघणं) केला होतास का? केला असशील तर ब्लॉकिंग (मेंब्रेनच्या रिकाम्या जागा आधी झाकणं) दुधात केलंस का? दुधात स्वतःचं बायोटिन असतं, ते स्ट्रेप्टाव्हिडिन खाऊन टाकतं आणि मेंब्रेन कोरी दिसते, मग माणूस घाबरून बायोटिन वाढवतो, वेळ वाढवतो (माझा एक अख्खा महिना असाच गेलाय, दूध बदलून बीएसए (गाईच्या रक्तातलं शुद्ध प्रोटीन) घेतलं आणि त्याच दिवशी बँड दिसले). आणि न घातलेल्या पेशींच्या लेनमधे ७५ आणि १३० केडीएच्या (किलोडाल्टन, प्रोटीनचं वजन) आसपास बँड दिसले तर दचकू नकोस, ते पेशीतले नेहमीचे बायोटिनवाले कार्बोक्झिलेज, मायटोकॉन्ड्रियात राहतात. तुझ्या यादीतल्या मायटोकॉन्ड्रियावाल्यांपैकी थोडे तिथून आलेत. अजून एक, लेबलिंग झालं की पेशी बर्फावर घेऊन थंड पीबीएसने चार-पाचदा धुवायच्या, नाहीतर सुटं बायोटिन लायसेटमधे (फोडलेल्या पेशींच्या द्रावणात) येतं आणि बीड्सवरच्या जागा तेच अडवून बसतं.

रात्रपाळी_२:
दूधच होतं 🙈 आणि हो, काही दिसलं नाही म्हणूनच १० मिनिटांवरून रात्रभर केलं.

खोडरबर:
आता नेटवर्कवर बोलतो, कारण खरा प्रश्न तो होता आणि त्याला अजून कोणी हात लावला नाहीये. तुझ्याकडे बेट एकच आहे (आमिषवालं बेट, समुद्रातलं नव्हे). एका बेटच्या प्रयोगातून जास्तीत जास्त काय निघतं तर एक तारा, मधे तुझं प्रोटीन आणि त्यातून बाहेर जाणाऱ्या रेघा. बाहेरची १८४० आपापसात कोणाला जोडलीयेत ह्याबद्दल तुझ्या डेटात एक अक्षर नाही. मग स्ट्रिंगच्या चित्रात त्या हजारो रेघा आल्या कुठून? स्ट्रिंगच्या साठ्यातून. त्यात दुसऱ्यांचे प्रयोग आहेत, एकाच पेपरात दोन नावं बरोबर आली एवढ्यावरून काढलेल्यापण रेघा आहेत, आणि कटऑफ आपोआप ०.४ वर असतो. तिथे फक्त फिजिकल रेघा दाखव असा पर्याय आहे, तो लावलास तर गुंता कमी होईल, पण तरी रेघा तुझ्या नाहीत. फिगरखाली ते न लिहिता दाखवलंस तर दुसऱ्याच्या रेघा स्वतःच्या म्हणून दाखवल्यासारखं होतं. मीटिंगला कोणी विचारणार नाही कदाचित, रिव्ह्यूअर नक्की विचारेल.

आणि ह्या ज्या रेघा आहेत त्या शेजाराच्या आहेत, नात्याच्या नाहीत. लेबलिंगचा पल्ला बायोआयडीला न्यूक्लिअर पोअरवर मोजला होता, साधारण १० नॅनोमीटर आला. रायबोझोम स्वतःच २५-३० नॅनोमीटरचा आणि ईआरवर तर त्यांची रांग लागलेली असते. तुझं प्रोटीन काहीही करत नसतं तरी रायबोझोमला शिक्का बसलाच असता.

म्हणून कंट्रोल बदल. न घातलेल्या पेशी हा कंट्रोल बीड्सला कोण उगाच चिकटतं आणि मुळात बायोटिन कोणावर आहे एवढंच सांगतो. तुला हवाय तसाच टर्बो, त्याच पडद्यावर, त्याच बाजूला तोंड करून, पण तुझ्या प्रोटीनशिवाय. सेक६१बीटा ह्या ईआरच्या पडद्यातल्या प्रोटीनला लावतात बरेच जण. दोन्ही लाइनमधे टर्बोचं प्रमाण ब्लॉटवर जुळवून घे, मग खरे शिक्के आणि उगाच आलेले वेगळे करणाऱ्या सेंटसारख्या स्कोअरिंगला दे. ईआरवर राहणाऱ्या सगळ्यांना जो शिक्का बसतो तो वजा झाला की जे उरेल ते १८४० नक्कीच नसेल, आणि वाचायला सुरुवात तिथून. कटऑफ शोधत बसू नकोस. खरंच नेटवर्क हवं असेल तर बेट वाढवावी लागतात. २०२१ मधे मानवी पेशीचा जो मोठा बायोआयडी नकाशा आला त्याला १९२ बेट लागली होती, आणि कुठलं प्रोटीन कुठे बसतं हे त्यांनी कोणाकोणाकडून शिक्के मिळतात त्याच्या ठेवणीवरून ओळखलं. तू १९२ नको करूस, वरच्या यादीतली तीन-चार निवड, त्यांना टर्बो लाव आणि बघ तुझं प्रोटीन उलट दिशेने सापडतं का.

उलटतपासणी:
शेजारी शेजारी म्हणून एवढं हिणवू नका हो. कायनेज (दुसऱ्या प्रोटीनला फॉस्फेट लावणारं एन्झाइम) आपल्या सबस्ट्रेटला सेकंदभर शिवून निघून जातो, तो कुठल्या को-आयपीत सापडलाय? लॅमिन ए पहिल्यांदा निवडलं तेही अशाच कारणाने, ते इतकं न विरघळणारं की सौम्य बफरमधे ओढताच येत नाही. यीस्ट टू-हायब्रिड (दोन प्रोटीन जोडली जातात का ते यीस्टमधे तपासायची पद्धत) १९८९ पासून आहे, पण त्यात माणसाचं प्रोटीन यीस्टच्या केंद्रकात नेऊन विचारायचं ‘हा तुझा कोण?’ आणि पडद्यातली प्रोटीन तिथे नीट जातच नाहीत. हिच्या प्रोटीनला टर्बोच बरा, मी असतो तरी तेच केलं असतं.

फक्त पुढचा पुरावा वेगळ्या तत्त्वाचा हवा. पुष्कळ जण टर्बोनंतर प्रॉक्झिमिटी लायगेशन (दोन प्रोटीन जवळ असली की ठिपका दिसतो ती चाचणी) करतात आणि सिद्ध झालं म्हणतात, पण त्याचा पल्ला ४० नॅनोमीटर, म्हणजे टर्बोपेक्षाही सैल! शेजार मोजून शेजारच सिद्ध होणार. मी असतो तर नॅनोबिट केलं असतं, ल्युसिफरेजचे दोन तुकडे, ते आपणहून एकमेकांना जवळजवळ धरतच नाहीत आणि जोडी सुटली की उजेडही जातो. स्प्लिट जीएफपी (चमकणाऱ्या प्रोटीनचे दोन तुकडे) नको, ते एकदा जुळलं की सुटत नाही आणि चुकून भेटलेल्यांचंही लग्न लागतं. त्याच्या जोडीला शेपटीतला जोडणारा भाग काढून टाकलेला म्युटंट, त्यालाही टर्बो लावून. म्युटंटमधे ज्याचा शिक्का जातो तो खरा गडी.

आणि यादीत जे आलं नाही ते जोडलेलं नाही असं मात्र लिहू नकोस. लायसिन आत दडलेली असू शकते किंवा टॅगचं टोक दुसऱ्याच बाजूला असू शकतं.

खोडरबर:
म्युटंटवाला कंट्रोल सेक६१बीटापेक्षा सरस, मान्य. पण जोडणारा भाग कुठला हे हिला आधी माहीत पाहिजे ना.

रात्रपाळी_२:
माहीत नाहीये अजून, शेपटी १२० अमिनो आम्लांची आहे, तीन तुकड्यांत कापून बघेन म्हणते. सरांना चित्राऐवजी हा धागाच दाखवला, आधी गप्प बसले, मग म्हणाले सेक६१बीटाचं प्लाझमिड फ्रीझरमधे असेल बघ कुठेतरी. होतं!

आज छोटा ब्लॉट केला, त्याच ट्रान्सफेक्ट केलेल्या पेशी, बायोटिन ०, १० आणि ३० मिनिटं, बीएसए ब्लॉकिंग. १० मिनिटांना वरपासून खालपर्यंत मस्त पट्टा आलाय, ३० ला जवळजवळ काळाच. पण ० च्या लेनमधेसुद्धा फिकट पट्टा आहे, ७५ आणि १३० सोडून. पुन्हा काही चुकलं का?

ब्लॉटबाई:
नाही गं. मीडियातल्या सीरममधे बायोटिन असतं, टर्बोला तेवढंही पुरतं, अधाशी आहे तो. सेक६१बीटाच्या लेनमधेही तेवढाच फिकट दिसतोय का ते बघ, आणि फारच खुपत असेल तर डायलाइझ केलेल्या सीरमवर पेशी वाढव. १० मिनिटंच ठेव, ३० च्या नादी लागू नकोस.