तीन सेलच्या पॅकमधला एकच सेल का बसतो?

प्रश्न (खानापूर)

नमस्कार. फोमचे मॉडेल विमान मी घरीच बनवले असून त्याला १००० केव्हीची (बिनभाराची, दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे घेणारी) २२१२ आकाराची मोटर आणि ३० अँपिअरचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा नियंत्रक, जोडला आहे. विकतचा लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पॅक महाग वाटल्याने जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून १८६५० आकाराचे तीन सेल काढले, त्यांच्या टोकांना थेट डाख लावून ते सिरीजमध्ये जोडले आणि १२.६ व्होल्टच्या साध्या अ‍ॅडॉप्टरवर चार्ज करत आहे. दीड-दोन मिनिटांत मोटर मलूल होते. परवा तर विमान भाताच्या चिखलातून काढावे लागले. काल चार्जिंग संपल्यावर मीटर लावला, तेव्हा एकूण १२.६ व्होल्ट बरोबर होते, पण सेल वेगवेगळे मोजले असता ४.३१, ४.२९ आणि ४.०० असे आकडे आले. तिसरा सेल उड्डाणानंतर चांगलाच तापतो. तेवढाच बदलावा की पॅकच मोडावा?

उत्तर १ (उद्यमबाग, बेळगाव)

पॅक मोडावा, आणि तो अ‍ॅडॉप्टर आजपासूनच बंद करावा. अ‍ॅडॉप्टरला फक्त बेरीज दिसते. आपला तिसरा सेल उपाशी राहिला आणि त्याचा घास उरलेल्या दोघांच्या गळी उतरला. ४.२० व्होल्ट या मर्यादेच्या वर गेलेला सेल हा आगीचा धोका असतो, तो उडवून पाहण्याची वस्तू नव्हे.

मोटरच्या मागणीचेही गणित बसत नाही. दहा इंची पंख्यावर ही मोटर पूर्ण थ्रॉटलला १२ ते १५ अँपिअर सहज ओढते. लॅपटॉपचा २२०० एमएएचचा (२.२ अँपिअर-तास क्षमतेचा) सेल साधारण २ सी, म्हणजे क्षमतेच्या आकड्याच्या दुप्पट, ४.४ अँपिअरपर्यंतच देण्यासाठी बनवलेला असतो. तीन-तीन सेल पॅरलल जोडून भागवायचे म्हटले, तर नऊ सेलांचेच वजन ४०० ग्रॅमच्या वर जाते. तेवढ्याच व्होल्टचा २२०० एमएएचचा लिपो पॅक १८० ग्रॅमच्या आसपास असतो. विमानात हा फरक पंखांवर बसतो.

उत्तर २ (निपाणी)

वरील मताशी सहमत आहे, परंतु घरी पॅक बांधणेच चूक, असे कोणी समजू नये. सावकाश तरंगणाऱ्या विमानासाठी जास्त करंट देणारे, नवे, एकाच खेपेचे लिआयन (लिथियम-आयन, लॅपटॉपमध्ये असतात त्या जातीचे) सेल उत्तम चालतात. मात्र डाखाची उष्णता आतल्या पातळ पडद्याला इजा करू शकते, म्हणून निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनेच लावावी. विजेच्या स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्यांकडे ते यंत्र बहुधा असते. जोडण्यापूर्वी सर्व सेल एकाच व्होल्टेजला आणावेत आणि तीन सेलांना चार तारांचा बॅलन्स कनेक्टर काढावाच, म्हणजे चार्जरला प्रत्येक सेल वेगळा मोजून समान भरता येतो.

चार्जर बॅलन्सचाच घ्यावा. २२०० एमएएचला २.२ अँपिअर ठेवावेत; प्रत्येक सेल ४.२० ला पोचला की चार्जर व्होल्टेज तेथेच धरतो आणि करंट आपोआप उतरत जातो. शेवटचा हा टप्पा वेळखाऊ असतो, म्हणून घाईने तार काढू नये. आमच्याकडे वीज गेली की मी असा चार्जर मोटारीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालवतो. पॅक शहाबादी फरशीवर, पडदे आणि गवताच्या गंजीपासून दूर ठेवतो व समोरून उठत नाही. उड्डाणानंतरचा गरम पॅक निवल्याशिवाय लावू नये. फुगलेला तर कधीच नाही.

प्रश्नकर्ता (खानापूर)

आभारी आहे. लिपो मागवला. आता या जुन्या, भरलेल्या सेलांचे काय करावे?

उत्तर १ (उद्यमबाग, बेळगाव)

अंगणात, मोकळ्यावर, पॅकला मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा १० वॅटचा बल्ब जोडावा आणि मीटर त्या तिसऱ्या सेलवरच ठेवावा. तो ३ व्होल्टला आला की थांबावे, कारण तोच आधी रिकामा होईल. नंतर टोकांना चिकटपट्टी लावून सेल ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावेत. नवा लिपो मात्र असा रिकामा करू नये: प्रत्येक सेल ३.५ व्होल्टच्या आसपास आला की विमान जमिनीवर उतरवावे, आणि आठवडाभर उडवायचे नसेल तर चार्जरच्या स्टोरेज प्रोग्रॅमने प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवावा. पावसाळ्यात आपल्याकडे ते महिनोन् महिने पडून राहतात, आणि पूर्ण भरून ठेवलेले पॅक मी स्वतः फुगवून घेतले आहेत.