अनुभव धागा: दवाखान्यात हात उगारला जातो तेव्हा

मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात नातेवाइकांच्या मारहाणीत एका निवासी डॉक्टरच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. अशा गुन्ह्यासाठीचा खास कायदा राज्यात 2010 पासूनच होता: 3 वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, तोडफोड केली तर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. हे कलम दवाखान्यांच्या भिंतीवर लावलेलं असतं आणि त्याच भिंतीखाली उभं राहून लोक ओरडतात.

कायद्यावर बोलून झालंय. इथे लिहायचंय ते हे, की हात उगारणारा असतो कोण, आणि आजूबाजूच्यांना त्या वेळी काय वाटतं? डॉक्टर, सिस्टर, वॉर्डातल्या मावशी नि मामा, नातेवाईक, सगळ्यांनी लिहा. दवाखान्याचं आणि डॉक्टरांचं नाव मात्र नको.

माजी निवासी डॉक्टर, मेडिसिन

कॅज्युअल्टीत रात्री एका गृहस्थांना आणलं, आणलं तेव्हाच ते गेलेले होते. तरी सीपीआर दिला, म्हणजे छाती दाबून हृदय सुरू करायचा प्रयत्न केला. 'हातसुद्धा लावला नाही, नुसतं गेले म्हणून सांगितलं' हे प्रत्येक शिकाऊ डॉक्टरने ऐकलेलं असतं. ईसीजी काढला. ती पट्टी फाईलला लागतेच, पण निम्मी ती नातेवाइकांना दाखवायला काढतो. त्यांच्या बायकोने पट्टी उलटी धरली होती. सरळ रेघेला काय उलटं नि सुलटं. तिने मान हलवली. तिला समजलं होतं.

मग गाडी भरून माणसं आली. त्यांतल्या एकाने आधी "पेशंटचं नाव काय?" असं शेजारच्याला विचारून घेतलं आणि मग माझी कॉलर धरली. दुसरा शूटिंग करत होता. बाई सांगत होत्या, "अहो, केलं त्यांनी सगळं, सोडा त्यांना." त्यांचं कोण ऐकतंय!

माझं मत असं झालंय की उशाशी बसलेला मारत नाही, उशिरा आलेला मारतो. इतके दिवस फिरकलो नाही, हे त्याला चारचौघांत कुठेतरी भरून काढायचं असतं.

स्टाफ नर्स, जिल्हा रुग्णालय

मारण्याबद्दल डॉक्टरांशी सहमत. पण शिव्या उशाशी बसलेलेच देतात. रात्री अख्ख्या वॉर्डला मी एकटी. सलाईन संपलं की नळीत थोडं रक्त उलटं चढतं, त्याने काही बिघडत नाही, पण बघणाऱ्याच्या जिवाचं पाणी होतं. त्याच वेळी मी दुसऱ्या टोकाला कुणाला तरी इंजेक्शन देत असते. "ए बाई, रक्त चाललंय त्याचं, डोळे फुटले का?" हे रोजचं. याची तक्रार कुणी लिहून घेत नाही, आम्हीही देत नाही. एकदा एकाने ट्रे भिरकावला, तेव्हा इन्चार्ज म्हणाल्या, "गाव लहान आहे, उद्या बाजारात भेटेल तो तुला."

मुलगा

नातेवाइकांपैकी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वडील खासगी आयसीयूत होते. संध्याकाळी दहा मिनिटं भेट, रोज नवा डॉक्टर, रोज एकच शब्द: 'स्टेबल'. वरून मात्र औषधाच्या चिठ्ठ्या यायच्या आणि काउंटरवरून डिपॉझिटसाठी फोन. मग एका पहाटे "लवकर या." स्टेबल माणूस पहाटे कसा जातो, हे सांगायला खाली कुणीही आलं नाही. चुलतभावाने रिसेप्शनची काच फोडली. खरं सांगू? मला बरं वाटलं. तिथे बसलेल्या पोरीचा काही दोष नव्हता हे तेव्हाही कळत होतं, तरीही बरं वाटलं. केस अजून चालू आहे. तारखेला भाऊ जातो.

माजी निवासी डॉक्टर, मेडिसिन

@मुलगा, 'स्टेबल' म्हणजे आमच्या भाषेत 'कालच्याइतकाच गंभीर'. ऐकणाऱ्याला ते 'धोका टळला' असं ऐकू येतं. आणि हे समजावून सांगायला वेळ हवा, तो कुणाच्याच ड्यूटीत धरलेला नसतो.

सुरक्षारक्षक

पेशंटमागे पास दोन, माणसं वीस. पहिली थप्पड गेटवर पडते. ती पेपरात येत नाही, कारण संप डॉक्टर करतात, आम्ही कंत्राटी.

वैद्यकीय समाजसेविका, धर्मादाय रुग्णालय

माझ्या टेबलाशी येणारी भांडणं बहुतेक बिलाची. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. निर्धनांना उपचार मोफत, दुर्बलांना सवलतीत. पण हे लोकांना डिस्चार्जच्या दिवशी, तेही कुणा ओळखीच्याकडून कळतं. मग 'आमच्यापासून लपवलं' असं वाटून आवाज चढतो, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रं ॲडमिशनलाच मागा म्हणून मी आमच्याच लोकांच्या मागे लागलेली असते. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही, हेही सांगते. संतापलेल्या माणसाला पुढे कुणाला भेटायचं ते नेमकं सांगितलं की तो बहुतेक वेळा तिकडे जातो. दारू पिऊन आलेल्याला मात्र काही सांगून उपयोग नसतो.

नर्स, इंग्लंड (मूळची सांगलीची)

इथे उलटं आहे. मारणारा बहुधा पेशंटच असतो, नातेवाईक क्वचित. शनिवारी रात्री प्यायलेले, किंवा स्मृतिभ्रंशाचे आजोबा. आपत्कालीन सेवेतल्या माणसांवर हल्ला केला तर जास्त शिक्षा, असा 2018 चा कायदा इथेही आहे. पण चावणाऱ्या आजोबांवर केस कोण करणार? झुंड घेऊन येण्याची पद्धत मात्र इथे नाही. एकच जवळचा नातेवाईक नोंदलेला असतो, बाकीच्यांनी त्यालाच विचारायचं.

डॉक्टर, तालुक्याचं गाव

दोन पिढ्यांचा छोटा दवाखाना आहे. फवारणीचं औषध प्यायलेले पेशंट पूर्वी आम्ही ठेवून घ्यायचो. त्यांना ॲट्रोपिन, म्हणजे त्या विषावरचा उतारा, देत रात्रभर जवळ बसावं लागतं, बाहुल्या आणि नाडी बघत. बरेच वाचायचेही. शेजारच्या गावात एका मित्राचा दवाखाना फोडला, पेशंट असाच होता, उशिरा आणलेला. तेव्हापासून मी पहिले डोस देतो, चिठ्ठी लिहितो आणि ॲम्ब्युलन्स बोलावतो. जिल्ह्याचं ठिकाण दीड तासावर आहे. वाटेत श्वासासाठी नळी टाकायची वेळ आली तर काय होणार, ते मला चिठ्ठी लिहितानाच ठाऊक असतं.

यावर आजवर कुणीही भांडायला आलेलं नाही. उलट नंतर भेटले की म्हणतात, "तुम्ही वेळ घालवला नाही डॉक्टर, लगेच पुढे पाठवलंत."